पिठाच्या गिरणीची उत्पादनक्षमता : मोजावी कशी आणि वापरावी कशी

गावात पिठाची गिरणी घालावी, असा विचार शेतकरी गटांच्या आणि महिला बचत गटांच्या बैठकीत वरचेवर निघतो. धान्य गावात पिकते, पीठ प्रत्येक घरात लागते आणि यंत्र चालविण्यास फारसे शिक्षण लागत नाही. त्यामुळे हा धंदा हमखास चालणारा आहे, अशी समजूत होणे स्वाभाविक आहे. २०२० साली केंद्र सरकारने सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी योजना सुरू केली. तीत पात्र प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, परंतु जास्तीत जास्त १० लाख रुपये, इतक्या कर्जसंलग्न अनुदानाची तरतूद करण्यात आली. तेव्हापासून या विचारास अधिकच चालना मिळाली. अशा वेळी गावपातळीवरील कार्यकर्त्याकडे पहिला प्रश्न येतो तो हा, की गिरणी किती मोठी घ्यावी? बँकेचा अधिकारीही प्रकल्प अहवालात हाच आकडा प्रथम पाहतो, आणि यंत्र विकणारा व्यापारीही हाच आकडा प्रथम सांगतो. तथापि व्यापाऱ्याने सांगितलेला आकडा, गिरणीतून प्रत्यक्ष निघणारे पीठ आणि गावातून प्रत्यक्ष येणारे दळण या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. त्यांची गल्लत झाली म्हणजे यंत्र उत्तम असूनही कर्जाचे हप्ते थकतात आणि गटातील सभासदांची काडी काडी करून जमविलेली बचत अडकून पडते. म्हणून क्षमतेचा हिशेब कसा करावा, हे या लेखात उदाहरणांसह सांगण्याचे योजिले आहे.

पुढील उदाहरणांतील आकडे रीत समजावून देण्यासाठी घेतले आहेत. प्रत्येक गटाने त्यांच्या जागी आपल्या गावचे, स्वतः मोजलेले आकडे घालावेत.

क्षमतेचे तीन प्रकार

पहिली ती छापील क्षमता. यंत्राच्या माहितीपत्रकात ‘ताशी २०० किलो’ असे लिहिलेले असते. ही क्षमता कोरडे व स्वच्छ धान्य, नवे धारदार दगड, पूर्ण दाबाची वीज आणि अखंड भरलेले हॉपर अशा सर्व अनुकूल गोष्टी गृहीत धरून दिलेली असते. पुष्कळदा ती भरड दळणासाठी असते आणि बारीक पिठाचा तीत विचारही नसतो. म्हणून माहितीपत्रकातील आकडा वाचताना तो कोणत्या धान्यासाठी, किती बारीक पिठासाठी आणि किती अश्वशक्तीच्या मोटारीवर दिला आहे, हे तीन प्रश्न अवश्य विचारावेत. ज्या आकड्याबरोबर ही तीन उत्तरे मिळत नाहीत, त्यावर कर्जाचा हिशेब बसवू नये.

दुसरी ती चाचणी क्षमता. आपल्या जागी, आपल्या धान्यावर, आपल्या गिऱ्हाइकास हवे तसे पीठ काढून यंत्र ताशी किती दळते, हे वजनकाट्याने व घड्याळाने ठरविलेली ही क्षमता होय.

तिसरी ती व्यवहारातील क्षमता. दिवसभराच्या कामात दळण बदलणे, वजन करणे, दगड जुळविणे, पीठ काढून देणे यांत जो वेळ जातो, तो धरून प्रत्यक्षात ताशी किती दळण निघते, हे ती सांगते. धंद्याचा हिशेब नेहमी या तिसऱ्या क्षमतेवर करावा.

चाचणी कशी घ्यावी

चाचणीसाठी एक चांगला वजनकाटा, एक घड्याळ आणि वीजमीटरवरील आकडा एवढी साधने पुरेत. गिरणी सुरू करून प्रथम पाच-दहा किलो धान्य दळून घ्यावे. यंत्र थंड असताना व आतील पोकळ्या रिकाम्या असताना घेतलेले माप खरे ठरत नाही. नंतर निवडलेला, खडे व काडीकचरा काढलेला गहू ३० किलो मोजून हॉपरमध्ये ओतावा. धान्य दगडांत उतरू लागताच वेळ व मीटरचा आकडा लिहावा. हॉपर रिकामे होताच पुन्हा दोन्ही लिहावेत. पीठ सगळे उतरल्यावर त्याचे वजन करावे. अशी चाचणी तीनदा घ्यावी.

समजा, तीन वेळा अनुक्रमे ११।।, १२ व १२।। मिनिटे लागली. सरासरी १२ मिनिटे झाली. आता ३० किलोस १२ मिनिटे, तर ६० मिनिटांत किती, हा साधा त्रैराशिकाचा प्रश्न आहे. ३० ला ६० ने गुणून १२ ने भागले म्हणजे १५० येतात. या गिरणीची गव्हाची चाचणी क्षमता ताशी १५० किलो झाली. माहितीपत्रकातील २०० चा आकडा येथेच एक-चतुर्थांशाने खाली आला.

चाचणीच्या वेळी पिठाचा बारीकपणा ठरवून ठेवणे अत्यंत आवश्यक आहे. दगड थोडे दूर केले की धान्य भराभर उतरते आणि क्षमता वाढल्यासारखी दिसते. परंतु ते पीठ पोळीस उपयोगी पडत नाही. यासाठी प्रत्येक वेळी १०० ग्रॅम पीठ एकाच चाळणीने चाळावे आणि वर किती ग्रॅम चाळ राहतो, ते लिहावे. दोन चाचण्यांतील चाळ सारखा नसेल, तर त्या दोन चाचण्यांची तुलना करू नये. यंत्र विकत घेण्यापूर्वी विक्रेत्याच्या दुकानी चाचणी पाहावयाची असेल, तर आपले धान्य, आपली चाळणी आणि आपले घड्याळ बरोबर न्यावे.

निरनिराळी धान्ये आली तर

गावच्या गिरणीत केवळ गहू येत नाही. ज्वारी, बाजरी, तांदूळ, हरभऱ्याची डाळ, सणासुदीस भाजणी असे नाना प्रकारचे दळण येते आणि प्रत्येकाचा वेग वेगळा असतो. दाण्याचा कठीणपणा, त्यातील तेलाचा अंश, ओलावा आणि हवा असलेला बारीकपणा यांवर तो अवलंबून असतो. म्हणून प्रत्येक मुख्य धान्याची चाचणी स्वतंत्रपणे घ्यावी.

समजा, वरील गिरणीची क्षमता गव्हासाठी ताशी १५० किलो, ज्वारीसाठी १८० किलो आणि बेसनासाठी १२० किलो निघाली. आणि गावातील १०० किलो दळणात ६० किलो गहू, ३० किलो ज्वारी व १० किलो डाळ असते. येथे तीन आकड्यांची बेरीज करून तीनने भागण्याची चूक करू नये. वेगांची बेरीज करावयाची नसते. लागणाऱ्या वेळेची बेरीज करावयाची असते. ६० किलो गव्हास २४ मिनिटे, ३० किलो ज्वारीस १० मिनिटे व १० किलो डाळीस ५ मिनिटे, मिळून ३९ मिनिटे झाली. ३९ मिनिटांत १०० किलो, म्हणजे ताशी सुमारे १५४ किलो. ही मिश्र दळणाची क्षमता होय. येथे योगायोगाने ती गव्हाच्या आकड्याजवळ आली. परंतु ज्या गावात बेसन व भाजणी यांचे काम अधिक आहे, तेथे ती बरीच खाली जाईल. पुढील हिशेबासाठी आपण १५० किलो हा सोपा आकडा धरू.

क्षमता कमी का होते

चाचणीत चांगली उतरलेली गिरणी काही महिन्यांनी मंद होते, असा सर्वत्र अनुभव येतो. त्याची कारणे बहुधा पुढील चारांपैकी असतात.

पहिले कारण म्हणजे दगड गुळगुळीत होणे. दगडाच्या खाचा बुजल्या म्हणजे दाणा कापला न जाता चेंगरला जातो. वेळ अधिक लागतो, वीज अधिक जाते आणि पीठ हातास चटका बसण्याइतके तापते. दगडांना टाकी लावण्याची तारीख व त्यानंतर झालेले दळण यांची नोंद ठेवावी. महिन्यातून एकदा ३० किलोची चाचणी घेतली आणि वेळ १२ वरून १५ मिनिटांवर गेला, तर क्षमता १५० वरून १२० किलोंवर आली असे समजावे व टाकी लावून घ्यावी. टाकी लावल्यानंतर प्रथम थोडे हलके धान्य किंवा कोंडा दळून टाकून द्यावा, म्हणजे दगडाची कच गिऱ्हाइकाच्या पिठात जाणार नाही.

दुसरे कारण म्हणजे पट्टा घसरणे. दगडाचे फेरे मोटारीच्या फेऱ्यांवर आणि दोन पुलींच्या व्यासावर ठरतात. मोटारीचे फेरे मिनिटास १४४०, मोटारीची पुली ६ इंच व गिरणीची पुली १५ इंच असेल, तर १४४० ला ६ ने गुणून १५ ने भागावे. उत्तर ५७६ येते. दगडाचे हे फेरे झाले. पट्टा सैल असला व शंभरात पाच फेरे वाया गेले, तर दगड ५४७ फेरेच घेईल व क्षमताही जवळजवळ त्याच प्रमाणात उतरेल. क्षमता वाढविण्याच्या लोभाने मोटारीची पुली मात्र मोठी बसवू नये. फेरे कारखान्याने सांगितलेल्या मर्यादेपलीकडे गेले म्हणजे पीठ तापते, मोटारीवर भार पडतो आणि दगड फुटून प्राणघातक अपघात होण्याचा धोका असतो.

तिसरे कारण म्हणजे धान्याचा ओलावा. साठवणीचे धान्य १२ टक्के ओलाव्यापर्यंत वाळविलेले असावे, असा आपला नेहमीचा सल्ला असतो. तोच दळणासही लागू आहे. नुकतेच मळलेले किंवा पावसाळी हवेत सर्दावलेले धान्य दगडास चिकटते आणि खाचा बुजवून टाकते.

चौथे कारण म्हणजे विजेचा कमी दाब. संध्याकाळी गावात सर्वत्र विजेचा वापर वाढतो आणि त्याच वेळी दळणाची गर्दीही असते. चाचणी एकदा सकाळी आणि एकदा संध्याकाळी घेतल्यास हा फरक उघड होतो.

पिठातील घट आणि गिऱ्हाइकाची शंका

क्षमता मोजताना धान्य किती गेले आणि पीठ किती आले, या दोन्ही गोष्टी लिहावयाच्या आहेत. गिऱ्हाईक दहा किलो गहू देते व पीठ पावणेदहा किलोच्या आसपास परत मिळते. मग गिरणीवाल्याने पीठ काढून ठेवले, अशी शंका घेतली जाते. या घटीचे मुख्य कारण ओलावा हे आहे. दळताना पीठ तापते आणि त्यातील पाण्याचा अंश वाफ होऊन जातो.

हा हिशेब असा : १२ टक्के ओलाव्याच्या १०० किलो गव्हात १२ किलो पाणी व ८८ किलो कोरडा अंश असतो. दळल्यावर पिठाचा ओलावा १० टक्के राहिला, तर ८८ किलो कोरडा अंश हा पिठाचा ९० टक्के भाग झाला. ८८ ला ९० ने भागून १०० ने गुणले म्हणजे ९७.८ किलो पीठ येते. म्हणजे एक दाणाही न सांडता २.२ किलो घट झाली. आपल्या ३० किलोच्या चाचणीत यामुळे सुमारे ६६० ग्रॅम घट येईल. थोडी धूळ उडून जाईल ती वेगळी. एकंदरीत २९.३ किलो पीठ मिळाले तर गिरणी ठीक आहे. तेच २८।। किलो मिळाले, तर पीठ कोठे तरी गळते आहे, आत साचते आहे किंवा दगड फार तापतात, असे समजून शोध घ्यावा. गटाच्या गिरणीत हा हिशेब फळ्यावर लिहून ठेवल्यास अनेक भांडणे टळतील.

व्यवहारातील क्षमता

आता चाचणी क्षमतेवरून व्यवहारातील क्षमतेकडे येऊ. गावचे दळण लहान लहान डब्यांतून व पिशव्यांतून येते. समजा, सरासरी दळण ६ किलोंचे आहे. ताशी १५० किलोच्या वेगाने ६ किलो दळण्यास अवघी २.४ मिनिटे लागतात. परंतु डबा तोलणे, हॉपरमध्ये ओतणे, धान्याप्रमाणे दगड जुळविणे, पीठ झटकून काढणे आणि पैसे घेणे यांत आणखी १.६ मिनिटे जातात. म्हणजे एका दळणास ४ मिनिटे लागली. तासात १५ दळणे, प्रत्येकी ६ किलो, म्हणजे ताशी ९० किलो. ही व्यवहारातील क्षमता होय आणि ती चाचणी क्षमतेच्या ६० टक्केच आहे.

यावरून एक महत्त्वाची गोष्ट निष्पन्न होते. समजा, गर्दीला कंटाळून गटाने दुप्पट क्षमतेची, ताशी ३०० किलोची गिरणी आणली. दळण्याचा वेळ २.४ वरून १.२ मिनिटांवर येईल, पण वरकामाची १.६ मिनिटे तशीच राहतील. एका दळणास २.८ मिनिटे लागतील आणि ताशी सुमारे १२९ किलो निघतील. पैसा दुप्पट ओतून काम दीडपटीपेक्षाही कमीच वाढले. उलट जुन्याच गिरणीवर तोलण्यास व पैसे घेण्यास एक मदतनीस बसविला आणि वरकामाचा वेळ १.६ वरून ०.८ मिनिटांवर आणला, तर एका दळणास ३.२ मिनिटे लागून ताशी ११२ किलो दळण निघेल. ज्वारीची दळणे एका रांगेत व गव्हाची दुसऱ्या रांगेत ठेवली, तर दगड जुळविण्याचा वेळही वाचतो. शहाणपण कशात आहे, हे निराळे सांगावयास नको.

विजेचा हिशेब

एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट. १० अश्वशक्तीची मोटार पूर्ण भारावर ७.४६ किलोवॅट काम देते. तिची कार्यक्षमता ८७ टक्के धरली, तर ती सुमारे ८.५७ किलोवॅट वीज घेते, म्हणजे तासास साडेआठ युनिटांहून थोडी अधिक. ताशी १५० किलो दळण निघाल्यास क्विंटलमागे ५.७ युनिटे पडतात.

व्यवहारात मात्र मोटार दोन दळणांच्या मध्येही रिकामी फिरत राहते. त्या वेळी ती ३ किलोवॅट घेते असे धरू. तासातील ६० टक्के वेळ पूर्ण भार व ४० टक्के वेळ रिकामी फिरणे, असा हिशेब केल्यास ५.१४ अधिक १.२० म्हणजे ६.३४ युनिटे खर्च होतात आणि दळण निघते ९० किलो. क्विंटलमागे खर्च ७ युनिटांवर गेला. म्हणून दळणे साठवून ठराविक वेळी एकापाठोपाठ एक दळणे हे नेहमी फायद्याचे असते. रोजच्या वहीत मीटरचा आकडा आणि एकूण दळण एवढे दोनच आकडे लिहिले, तरी क्विंटलमागे लागणारी युनिटे काढता येतात. हा आकडा वाढू लागला, की दगड, पट्टा किंवा दळणाची शिस्त यांपैकी कोठे तरी बिघाड आहे, अशी आगाऊ सूचना मिळते.

पिशवीबंद पिठाचा कारखाना असेल तर

काही गट स्वतः धान्य घेऊन, पीठ करून, पिशव्या भरून विकू इच्छितात. तेथे गिरणी ही एका साखळीतील केवळ एक कडी असते. धान्य चाळणे व निवडणे, लोखंडाचे कण काढण्यासाठी चुंबकावरून सोडणे, दळणे, पीठ निवविणे, चाळणे आणि पिशव्या भरणे अशी ती साखळी आहे. सर्व साखळीची क्षमता ही तिच्यातील सर्वांत मंद कडीइतकीच असते.

समजा, धान्य निवडण्याचे यंत्र ताशी ३०० किलो, गिरणी १५० किलो आणि पीठ चाळण्याचे यंत्र २०० किलो काम देते. पिशव्या हाताने भरल्या जातात. ५ किलोची एक पिशवी तोलून, भरून, तोंड बंद करण्यास ३ मिनिटे लागतात, म्हणजे तासाला २० पिशव्या किंवा १०० किलो. कारखान्याची क्षमता १५० नव्हे, १०० किलो आहे. येथे दुसरी गिरणी आणली तर पिठाचा ढीग वाढेल. पिशव्या वाढणार नाहीत. पिशव्या भरण्याचे दुसरे टेबल मांडले, तर मात्र तो टप्पा २०० वर जाईल आणि साखळी गिरणीच्या १५० वर येईल. त्यानंतर मंद कडी गिरणी ठरते व तिच्या क्षमतेचा विचार करण्याची वेळ येते. प्रत्येक टप्प्याची अशी वेळ मोजून कागदावर लिहिल्याखेरीज कोणतेही नवे यंत्र घेऊ नये.

येथे पिठाच्या टिकाऊपणाचाही विचार केला पाहिजे. बाजरीत तेलाचा अंश बराच असल्याने तिचे पीठ थोड्याच दिवसांत कडवट होते. गिरणी दिवसात दहा क्विंटल बाजरी दळू शकते, म्हणून तेवढी दळून ठेवणे हा शुद्ध तोटा होय. बाजरीच्या पिठाची क्षमता यंत्रावरून न ठरविता, आठवड्यात किती पीठ विकले जाते त्यावरून ठरवावी.

मोठ्या रोळ गिरण्यांची मोजणी

शहरांजवळच्या रवा-मैद्याच्या गिरण्यांना आपले अनेक शेतकरी गहू विकतात. या गिरण्यांत दगडांऐवजी लोखंडी रोळांच्या जोड्या असतात. त्यांची क्षमता ‘२४ तासांत इतके टन’ अशी सांगतात आणि तो आकडा पिठाचा नसून दळलेल्या गव्हाचा असतो. १०० टनांची गिरणी म्हणजे तासाला सुमारे ४.१७ टन गहू दळणारी गिरणी. तीत १०० किलो गव्हापासून मैदा, रवा वगैरे ७५ किलो निघाले, तर बाकीचा बहुतेक भाग कोंड्याचा असतो. याउलट दगडी गिरणीत कोंडा पिठातच राहतो. म्हणून रोळ गिरणीच्या आकड्यांशी गावच्या गिरणीची तुलना करू नये.

गावात दळण किती आहे?

यंत्राची क्षमता कळली. आता त्याहून महत्त्वाचा प्रश्न. या प्रश्नाचे उत्तर गावातील वीस-पंचवीस घरांत जाऊन मिळवावे. त्यांत सर्व वस्त्यांतील व लहान-मोठ्या सर्व कुटुंबांतील घरे असावीत. महिन्याला किती दळता, कोठे दळता, किती पीठ विकत आणता आणि घरी घरघंटी आहे काय, हे विचारावे.

समजा, गावात ३०० घरे आहेत व घरटी महिन्यास २५ किलो दळण लागते. एकूण ७,५०० किलो झाले. पाचांतील एका घरी घरघंटी असेल, तर ६,००० किलो उरले. गावात आधीच दोन गिरण्या आहेत. तिसऱ्या गिरणीस समान वाटा मिळाला, तर तिच्याकडे महिन्यास २,००० किलो दळण येईल.

आता खर्च पाहू. कर्जाचा हप्ता ५,८०० रुपये, अर्धवेळ चालकाचे मानधन ८,००० रुपये, जागाभाडे, विजेचा स्थिर आकार व विमा ३,००० रुपये. मिळून १६,८०० रुपये. गिरणी चालो वा न चालो, हा खर्च टळत नाही. दळणावळ किलोस ५ रुपये धरू. क्विंटलमागे ७ युनिटे व युनिटास ८ रुपये धरल्यास किलोमागे ५६ पैसे वीज लागते. टाकी, पट्टा व किरकोळ दुरुस्तीसाठी २४ पैसे धरू. किलोमागे ८० पैसे गेले आणि ४ रुपये २० पैसे उरले. १६,८०० ला ४.२० ने भागले असता ४,००० येतात. म्हणजे महिन्यास ४,००० किलो दळण आले तरच तोंडमिळवणी होईल. येणार मात्र २,००० किलो. दरमहा ८,४०० रुपयांची तूट येईल व ती सभासदांना आपल्या बचतीतून भरावी लागेल.

याच गिरणीची व्यवहारातील क्षमता ताशी ९० किलोप्रमाणे, रोज ८ तास व महिन्यास २६ दिवस धरल्यास १८,७२० किलो आहे. म्हणजे क्षमतेचा वापर होणार अवघा ११ टक्क्यांच्या आत. यंत्रात कसूर नाही, चालवणाऱ्यात कसूर नाही, दळणच नाही. अनुदानामुळे हप्ता कमी होतो हे खरे, परंतु अनुदानाने गावातील दळण वाढत नाही. या उदाहरणात हप्ता पूर्णपणे माफ झाला, तरी उरलेल्या ११,००० रुपयांच्या खर्चासाठी २,६०० किलोंहून अधिक दळण लागेलच.

सणासुदीच्या गर्दीवरूनही क्षमता ठरवू नये. दिवाळीपूर्वीच्या आठवड्यात दळण तिप्पट झाले, तरी वरील गिरणीकडे रोजचे सुमारे ८० किलोंऐवजी २४० किलो येतील आणि ते तीन तासांत आटोपतील. आठवड्याच्या गर्दीसाठी वर्षभराचा हप्ता पत्करणे योग्य नव्हे.

मग गटाने काय करावे?

याचा अर्थ गिरणी घालूच नये असा नाही. ज्या गावात गिरणीच नाही आणि बायकांना डोक्यावर दळण घेऊन शेजारच्या गावी जावे लागते, तेथे हाच हिशेब गिरणीच्या बाजूने लागेल. जेथे गिरण्या आहेत, तेथे वेगळे काम शोधावे. शेजारच्या वाड्या-वस्त्यांचे दळण आणता येईल काय, आठवडी बाजारात किंवा जवळच्या शहरात ज्वारीचे पीठ, भाजणी, नाचणीचे पीठ खपेल काय, याची आधी थोड्या प्रमाणावर, गावातीलच गिरणीवर दळून परीक्षा घ्यावी. तीन महिन्यांची विक्री वहीत दिसली म्हणजे यंत्राचा विचार करावा. पीठ विकावयाचे असेल तर धान्य खरेदीस खेळते भांडवल लागते, हेही विसरू नये. महिन्यास २,००० किलो गहू किलोस ३० रुपये दराने घ्यावयाचा, तर ६०,००० रुपये आधी गुंतवावे लागतात. त्याशिवाय अन्नसुरक्षा नोंदणी व पिशवीवरील वजन-तारखेचे नियम पाळावे लागतात.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी प्रत्येक गटाकडून अर्जापूर्वी पुढील सात आकडे लिहून घ्यावेत :

१. मुख्य धान्याची चाचणी क्षमता, ताशी किलो.
२. एका दळणाचे सरासरी वजन व त्यास लागणारा एकूण वेळ.
३. त्यावरून निघणारी व्यवहारातील क्षमता.
४. क्विंटलमागे लागणारी विजेची युनिटे.
५. गावातील महिन्याचे एकूण दळण व आपणास मिळणारा वाटा.
६. महिन्याचा न टळणारा खर्च.
७. तोंडमिळवणीसाठी लागणारे दळण.

पाचवा आकडा सातव्यापेक्षा मोठा असेल, तर गटाने निःशंकपणे पुढे जावे. तो लहान असेल, तर गिरणीचा आकार लहान करून, खर्च कमी करून किंवा नवे गिऱ्हाईक मिळवून दोन्ही आकडे जुळेपर्यंत कर्जाच्या कागदावर सही करू नये. गटाच्या बैठकीत हे सात आकडे मोठ्याने वाचून दाखवावेत. ज्यांची बचत या कामी पणास लागणार आहे, त्या प्रत्येक सभासदास तो हिशेब समजला, याची खात्री करून मगच ठराव करावा.